नवं गॅजेट चार्जच होत नाही? परत पाठवण्याआधी एवढं बघा

आधी लक्षणं. यातलं एखादं तुमच्या वस्तूला लागू पडत असेल तर पुढे वाचा.

- बॉक्समधून काढल्यापासून बटण दाबून दाबून बोट दुखलं, पण स्क्रीन काळीच. चार्जिंगला लावलं तरी दिवा नाही.
- बॉक्समधल्या आखूड केबलने चार्ज होतं, पण फोनच्या चार्जरची चांगली जाडजूड सी-टू-सी (दोन्ही टोकांना यूएसबी-सी प्लग असलेली) केबल लावली की ढिम्म.
- केबल एका बाजूने लावली की दिवा लागतो, तीच उलटी करून लावली की नाही.
- पॉवर बँकेवर अर्धा-एक मिनिट चार्ज होतं आणि मग आपोआप बंद पडतं.
- इयरबड रात्री दोन्ही डबीत ठेवले, सकाळी एकच भरलेला.
- आकडा ८० टक्क्यांवर जाऊन बसतो, पुढे सरकायचं नाव नाही.

इयरबड, स्मार्टवॉच, फिटनेस बँड, ब्लूटूथ स्पीकर, ट्रिमर, मानेत अडकवायचा पंखा. घरात किंवा नात्यात कुणी असं काही नवं घेतलं आणि ते रुसलं, की माझ्या टेबलावर येतं. "आत्या, मेलेलंच पाठवलंय गं त्यांनी," हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता मी वस्तूकडे बघायच्या आधी केबल मागते. नव्या वस्तूची बॅटरी खरोखरच मेलेली क्वचित निघते. भिंतीतल्या सॉकेटपासून बॅटरीपर्यंत चार-पाच दुवे असतात, त्यातला एखादा निसटलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो वस्तूच्या बाहेरचाच असतो.

पुढचं सगळं करताना एक पथ्य पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल आणि अडॅप्टर दोन्ही एकदम बदलले आणि दिवा लागला, तर दोष कुणाचा होता ते कळत नाही. मग तीच खराब केबल परत ड्रॉवरमध्ये जाते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा डोकं खाते.

१. पारदर्शक पट्टी निघाली आहे का?

याला दहा सेकंद लागतात आणि खर्च शून्य, म्हणून आधी हेच. वाहतुकीत आणि गोदामात पडून असताना बॅटरी उगाच उतरू नये म्हणून चार्जिंगच्या सोनेरी टिकल्यांवर बारीक प्लॅस्टिकची पट्टी लावलेली असते. कधी तिला निळं किंवा लाल शेपूट असतं, ते लगेच दिसतं. शेपूट नसेल तर पट्टी असल्याचा पत्ताच लागत नाही.

भाचीच्या इयरबडचं हेच झालं होतं. उजवा भरायचा, डावा नाही. डावा बड खिडकीपाशी नेऊन तिरका धरला, तेव्हा टिकल्यांवर साबणाच्या फुग्यावर दिसते तशी रंगीत झाक दिसली. नखाने कड उचकटली आणि करंगळीच्या नखाएवढी पट्टी निघून आली. तिने आठ दिवस एकाच कानाने गाणी ऐकली होती आणि कंपनीला दोन ईमेलही करून झाले होते.

घड्याळाच्या पाठीवरची संरक्षक फिल्म हाही तसाच प्रकार. ती राहिली की घड्याळ चार्जिंगच्या चकतीवर नीट बसत नाही आणि हृदयाचे ठोकेही काहीच्या बाही दाखवतं. पिनांचा चार्जर असेल तर तो उलटा तर बसला नाही ना, हे बघा. चुंबक बहुधा चुकीच्या बाजूने चिकटू देत नाही, पण स्वस्तातले काही चार्जर देतात.

पट्टी नसेल तर टिकल्या कोरड्या सुती कापडाने पुसा. डबीतल्या स्प्रिंगवाल्या पिना लाकडी टूथपिकने हलकेच दाबून बघा. प्रत्येक पिन दबून परत वर आली पाहिजे. एखादी दबलेलीच राहत असेल तर डबीतच दोष आहे, ती बदलून घ्या. पिना सुईने उचकटू नका.

२. लावा आणि अर्धा तास तिकडे बघू नका

हे लोकांना सगळ्यात जड जातं. नवी वस्तू हातात आलेली असते, कुणालाच धीर नसतो.

अनेक लहान गॅजेट्स कारखान्यातून 'शिप मोड'मध्ये निघतात. म्हणजे आतलं सर्किट बॅटरीपासून स्वतःला तोडून घेतं, कपाटात पडून पडून बॅटरी उतरू नये म्हणून. अशी वस्तू बहुधा पहिल्यांदा चार्जरला लावल्यावरच जागी होते. तोवर बटण कितीही दाबा, पलीकडे ऐकायला कुणी नसतं.

दुसरी शक्यता अशी की वस्तू इतके महिने पडून होती की बॅटरी पार खाली गेली. लिथियम-आयन सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टला असतो आणि साधारण ३ व्होल्टला रिकामा धरतात. त्याच्याही खाली गेलेल्या सेलमध्ये एकदम जोरात करंट ढकलणं धोक्याचं असतं. म्हणून चार्जिंगची चिप आधी नेहमीच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच करंट सोडते आणि व्होल्टेज हळूहळू वर आणते. या काळात स्क्रीन पेटवण्याइतकी ताकद नसते. बाहेरून वस्तू मेलेली दिसते, आत तिला चमच्याने भरवणं चालू असतं.

म्हणून चालतो हे नक्की माहीत असलेल्या चार्जरला लावा आणि अर्धा तास सोडा. काहीच झालं नाही तर दोन तास. मात्र घरात, डोळ्यांसमोर ठेवा, उशीखाली नाही. दर पाच मिनिटांनी काढून-लावून बघितलंत तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतं.

तापमानाचंही असंच. या बॅटऱ्या साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये चार्ज करायच्या असतात. गोठणबिंदूखाली चार्ज केल्या तर आत धातुरूप लिथियम साचून सेल कायमचा बिघडतो. म्हणून बऱ्याच वस्तू थंडीत आणि अति उन्हात चार्जिंग नाकारतात. पार्सल तापलेल्या गाडीतून किंवा कडाक्याच्या थंडीतून आलं असेल तर तासभर टेबलावर पडू द्या, मग लावा.

३. सॉकेट आणि अडॅप्टर

त्याच सॉकेटला, त्याच अडॅप्टरला, त्याच केबलने फोन लावा. चार्ज झाला तर भिंतीपर्यंतचं सगळं ठीक आहे. पण अडॅप्टरऐवजी लॅपटॉपचं पोर्ट वापरत असाल तर जपून, झाकण मिटलं की बरेच लॅपटॉप पोर्टची वीज तोडतात. रात्रभर लावूनही टक्के तिथेच, या तक्रारीमागे कितीदा हेच असतं.

४. केबल, म्हणजे खरी गोम

आता बॉक्समध्ये अडॅप्टर मिळतच नाही म्हटलं तरी चालेल. ॲपलने ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ पासून तो काढला आणि मग बाकीच्या बऱ्याच जणांनीही काढला. युरोपीय संघात तर २८ डिसेंबर २०२४ पासून नवे फोन, टॅब, हेडफोन, पोर्टेबल स्पीकर असं बरंच काही यूएसबी-सीवर चार्ज झालं पाहिजे असा नियम आहे. त्यामुळे आपण घरात असेल ती सी-टू-सी केबल उचलतो आणि लावतो. पोर्टचा आकार जुळतो, मग चाललंच पाहिजे, असं वाटतं. नेमकं इथेच फसायला होतं.

जुन्या, चपट्या यूएसबी-ए पोर्टवर ५ व्होल्ट कायम हजर असतात. पलीकडे कुणी असो वा नसो. यूएसबी-सीचं तसं नाही. सी पोर्टवर पलीकडे कुणीतरी आहे याची खात्री पटेपर्यंत वीज सोडलीच जात नाही. ही खात्री होते सीसी नावाच्या दोन पिनांवरून. वीज घेणाऱ्या वस्तूने या दोन्ही पिनांवर प्रत्येकी ५.१ किलोओहमचा रेझिस्टर (विजेला ठरावीक अडथळा करणारा चिमुकला भाग) लावायचा असतो. चार्जरला तो दिसला की दार उघडतं.

हे दोन रेझिस्टर तांदळाच्या दाण्याहून लहान असतात. पण स्वस्त गॅजेट बनवणारे कधी कधी तेवढेही गाळतात, आणि बॉक्समध्ये ए-टू-सी केबल, म्हणजे एका टोकाला चपटा ए आणि दुसऱ्याला सी, घालून देतात. त्या केबलने सगळं सुरळीत चालतं, कारण ए पोर्ट काही विचारतच नाही. तुम्ही सी-टू-सी लावली की मात्र चार्जरच्या दृष्टीने पलीकडे कुणीच नाही. चार्जर निर्दोष, केबल निर्दोष, बॅटरी निर्दोष, आणि तरीही दिवा नाही.

केबल उलटसुलट करून बघायला मी सांगते ते यासाठीच. सी-टू-सी केबलमध्ये सीसीची तार एकच असते. वस्तूत दोनऐवजी एकाच पिनेवर रेझिस्टर असेल तर एका बाजूने लावल्यावर चार्ज होतं, दुसऱ्या बाजूने नाही. हे लक्षण दिसलं की पुढच्या तपासण्या सोडून द्या, निदान झालं.

यात फक्त स्वस्तातलेच सापडतात असं नाही. जून २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या चिमुकल्या संगणकात दोन्ही सीसी पिनांना मिळून एकच रेझिस्टर जोडला गेला होता. आत स्वतःची ओळख सांगणारी चिप असलेली केबल लावली की चार्जरला तो ऑडिओ अडॅप्टर वाटायचा आणि वीज मिळायची नाही. पुढच्या बोर्डात ते सुधारलं.

उपाय सोपा आहे. ए-टू-सी केबल आणि ए पोर्टवाला अडॅप्टर वापरा. घरात फक्त सी पोर्टचेच अडॅप्टर असतील तर पेन ड्राइव्ह फोनला लावायला मिळतं ते छोटं कनेक्टर घ्या, एका बाजूला सी, दुसऱ्या बाजूला ए. ते अडॅप्टरला खोचा आणि त्यात ए-टू-सी केबल लावा. हवा तो रेझिस्टर त्या कनेक्टरमध्ये असतो.

आता वस्तू ठेवायची की परत करायची? माझं मत असं की फक्त घरी वापरायची असेल तर ठेवा आणि केबलला चिठ्ठी चिकटवा. प्रवासात एकच चार्जर घेऊन फिरणाऱ्यांनी परत करावी. पण बदलून तीच वस्तू मागू नका. हा त्या एका नगाचा बिघाड नाही, आराखड्यातलीच खोट आहे, बदलून आलेलीही तशीच वागेल. पैसे परत घ्या आणि दुसरं मॉडेल बघा.

याच विषयावर मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: "६५ वॅटच्या चार्जरने इयरबड जळणार नाहीत ना?" नाही. यूएसबी-सी चार्जर सुरुवात ५ व्होल्टनेच करतो, जास्त व्होल्ट वस्तूने मागितले तरच देतो, आणि किती करंट ओढायचा ते वस्तू ठरवते. ६५ हा वाढण्याचा आकडा आहे, जेवण्याचा नाही. अपवाद गोल पिनेच्या अडॅप्टरचा. ट्रिमर किंवा जुन्या स्पीकरची गोल पिन दुसऱ्या कुठल्याही अडॅप्टरला बसते म्हणून लावू नका. तिथे कुणी कुणाला विचारत नाही, १२ व्होल्टवाला अडॅप्टर सरळ १२ व्होल्ट ओततो.

५. पॉवर बँक मध्येच बंद पडते

पॉवर बँकेला लहान वस्तू दिसतच नाहीत. इयरबडची बॅटरी ४०-५० मिलिअँपिअर-तासांची, त्यामुळे ती ओढते अगदी थोडा करंट. पॉवर बँकेला वाटतं की केबलला काहीच नाही, किंवा फोन भरलाय, आणि ती स्वतःला बंद करून घेते. बऱ्याच पॉवर बँकांमध्ये कमी करंटची वेगळी सोय असते, बहुधा बटण दोनदा दाबून किंवा दाबून धरून. सोबतच्या कागदावर ते लिहिलेलं असतं. नसेल तर भिंतीवरचा साधा अडॅप्टर बरा.

एक गंमत सांगते. नवी पॉवर बँक "चार्जच करत नाही" म्हणून आली होती. फोनशी सी-टू-सीने जोडली तर फोनच पॉवर बँकेला चार्ज करत होता! दोघांनाही वीज देता येते आणि घेताही येते, आणि कोण देणार हे ठरवताना उलटं ठरलं होतं. अँड्रॉइड फोनवर यूएसबीच्या सूचनेत जाऊन दिशा बदलता येते, किंवा केबल काढून आधी पॉवर बँकेचं बटण दाबून मग लावायची.

६. केबल आत शेवटपर्यंत जाते का?

डबीला लगोलग सिलिकॉनचं कव्हर घातलंत का? मग ते काढून बघा. कव्हरची कड जाड असली की प्लग एखाद-दीड मिलिमीटर बाहेर राहतो. दिवा लागतो, हात लागला की विझतो. प्लग पूर्ण बसल्यावर त्याचा धातूचा भाग जवळजवळ दिसेनासा व्हायला हवा.

पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. नव्या वस्तूतही पॅकिंगच्या फोमचा कण निघतो. वस्तू बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढा. टाचणी किंवा सेफ्टी पिन नको, मधल्या जिभेवर २४ पर्यंत संपर्क दाटीवाटीने बसलेले असतात. वायरलेस चार्जिंग असेल तर मागचं जाड कव्हर, धातूची रिंग, कव्हरमध्ये खोचलेलं कार्ड, सगळं काढून वस्तू चकतीच्या मधोमध ठेवा.

७. ८० टक्क्यांवर अडकलंय

हा बिघाड नाही. बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून वस्तू मुद्दाम थांबते. सेटिंगमधला बॅटरीचा भाग उघडा, तिथे मर्यादेचा पर्याय सापडेल. मी तर तो चालूच ठेवते.

आकडा इतर कुठे अडकला असेल तर एकदा पूर्ण भरा, वापरून बऱ्यापैकी उतरवा, पुन्हा भरा. टक्के हा मोजमापाचा अंदाज असतो आणि नव्या वस्तूचा अंदाज पहिल्या एक-दोन फेऱ्यांत चुकू शकतो. मग ॲपमधून फर्मवेअर (वस्तूच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट, आणि शेवटी माहितीपत्रकात दिलेल्या पद्धतीने रीसेट.

८. यूएसबी मीटर

इथपर्यंत येऊनही कोडं सुटलं नसेल तर केबलच्या मध्ये लावायचा छोटा यूएसबी मीटर घ्या किंवा कुणाचा तरी मागून आणा. तो व्होल्ट आणि अँपिअर दाखवतो, आणि अंदाजपंचे थांबतं.

सी-टू-सीवर मीटर पेटतच नसेल, पण ए-टू-सीवर पेटत असेल, तर चौथ्या मुद्द्यातली गोम. ५ व्होल्टच्या आसपास आणि ०.०० अँपिअर दिसलं तर वीज दारापर्यंत आली आहे, वस्तू घेत नाही. ती भरलेली असेल, संपर्क नसेल किंवा आत काहीतरी तुटलं असेल. ०.०२-०.०५ असा बारीक आकडा असेल तर बॅटरीला चमच्याने भरवणं चालू आहे, थांबा. फोन किंवा टॅबसारखी मोठी वस्तू लावल्यावर व्होल्ट ४.५ च्याही खाली घसरत असतील तर केबल बारीक तारेची आहे, टाकून द्या.

इथे हात काढून घ्या

यापुढचं घरी करायचं नाही. यातलं काही दिसलं तर चार्जर लगेच, आणि तोही भिंतीच्या बटणापासून, बंद करा:

- वस्तू फुगली आहे, झाकण वर आलंय, स्क्रीनची कड उचलली आहे.
- गोडसर किंवा रसायनासारखा वास, सूं सूं आवाज, ओल.
- हातात धरवत नाही इतकी गरम.
- पोर्ट किंवा प्लग काळवंडलेला, वितळलेला.

फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबून सपाट करू नका, "एकदा बघूया" म्हणून पुन्हा लावू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. फरशीवर, कागद-कापडापासून लांब ठेवा आणि कंपनीच्या सेवा केंद्राला कळवा. धूर निघाला तर वस्तूच्या नादी लागू नका, माणसं बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला फोन करा. ठिणगी भिंतीच्या सॉकेटमध्येच उडत असेल तर गॅजेट बाजूला ठेवा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा.

वस्तू उघडण्याचा मोह तर अजिबात नको. इयरबड आणि बँड गोंदाने बंद केलेले असतात. उघडले की वॉरंटी जाते, पाण्यापासूनचं संरक्षणही जातं, आणि आतली बॅटरी बोटाच्या पेराएवढी असली तरी स्क्रू ड्रायव्हर घुसला की पेट घेते. वॉरंटी संपलेल्या स्पीकरचं पोर्ट सैल झालं असेल तर बारीक सोल्डरिंग करणारा कारागीर ते बदलून देतो, ते काम मीसुद्धा त्याच्याकडेच देते.

दोन तास चार्जिंग, दोन केबल, दोन अडॅप्टर, साफ टिकल्या, एवढं करून वस्तू गप्प असेल तर ती खरंच सदोष आहे. परत करण्याची मुदत संपायच्या आत द्या. तक्रारीत नुसतं "चालत नाही" लिहू नका, नाहीतर "रीस्टार्ट करून बघा" एवढंच उत्तर येतं. कुठल्या केबलने, कुठल्या अडॅप्टरवर, किती वेळ लावलं आणि मीटर असेल तर काय आकडा दिसला ते लिहा, सोबत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जोडा. मध्ये कधी चालू झाली असेल तर तुमच्या खात्यातून ती वस्तू काढून टाका. आणि बॉक्समधली मूळ केबल आठवणीने आत घाला, तपासणाऱ्याला दोष कदाचित तिच्यातच सापडेल.